जुनी मस्टँग घेताना रंगाआधी बीड वाचावे

साठच्या दशकातली फोर्डची अमेरिकन मस्टँग विक्रीला आल्याचे कळले, की हौशी माणसाची नजर आधी रंगाकडे आणि क्रोमच्या बंपरकडे जाते. ती आवरावी आणि गाडी पाहायला जाताना कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला, कास्टिंग (ओतकाम) ओळखणारा एखादा जुना मिस्त्री सोबत न्यावा. या गाडीचा खरेपणा इंजिनाच्या बिडावरून, म्हणजे ओतीव लोखंडावरून ठरतो, आणि बीड ओळखण्यात कोल्हापूर कुणाला हार जाणारे नाही.

प्रथम बॉनेट उघडून डाव्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर वाचावा. समजा, तो ६एफ०९सी असा सुरू होतो. ६ म्हणजे १९६६ चे मॉडेल, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०९ म्हणजे फास्टबॅक (मागे उतरत्या छताची) बॉडी आणि सी म्हणजे २८९ क्युबिक इंचांचे, दोन बॅरल कार्ब्युरेटरचे २०० अश्वशक्तीचे इंजिन. चार बॅरलच्या २२५ अश्वशक्तीच्या इंजिनाला ए, तर २७१ अश्वशक्तीच्या इंजिनाला के हे अक्षर येते. सगळी गोम या एका अक्षरात आहे, कारण के गाडीला संग्राहक कितीतरी जास्त मोजतात आणि साध्या इंजिनावर चार बॅरलचा कार्ब्युरेटर चढवणे मुळीच अवघड नाही. दारावरच्या माहितीपट्टीवर विसंबू नये. तशा पट्ट्या नव्या करून मिळतात. तिच्यावरची तारीख मात्र ब्लॉकच्या तारखेशी ताडायला टिपून घ्यावी.

मग गाडी लिफ्टवर घेऊन स्टार्टरजवळ इंजिनाच्या ब्लॉकवर (मुख्य ओतीव सांगाड्यावर) उठावाची अक्षरे शोधावीत. रॉकेलच्या फडक्याने काजळी पुसली, की ६बी१४ असे काहीतरी दिसते. म्हणजे हा ब्लॉक १९६६ च्या फेब्रुवारीत १४ तारखेला ओतला. (आय हे अक्षर फोर्ड वापरत नसे, म्हणून सप्टेंबरला जे येतो.) गाडी मार्चची असेल तर हे जुळते. ब्लॉक जूनचा आणि गाडी मार्चची असेल, तर विक्रेता काहीही सांगो, इंजिन बदललेले आहे. अक्षरांभोवती वाळूच्या साच्याचा खरबरीतपणा शिल्लक आहे की ग्राइंडर फिरला आहे, हे मिस्त्रीला बोट फिरवताच कळते.

मागच्या मडगार्डांवर फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. जिथे ते सुटते तिथे पुट्टी आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वाइपरखालच्या हवेच्या जाळीत दोन लिटर पाणी ओतून पायाखालची मॅट चाचपावी. मी एकदा भिडेखातर हे टाळले आणि पहिल्याच पावसाळ्यात पायाशी तळे साचले. हा गंज आतला असतो आणि वरचा पत्रा वेल्ड फोडून काढल्याशिवाय त्याला हात घालता येत नाही.

कागदपत्रांत आयात गाडीचे बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्काचा आयात दाखला) आधी मागावे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज गाड्यांच्या व्हीए मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे आहे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी मात्र विंटेज ठरत नाही, म्हणून ब्लॉकवरची तारीख इथेही कामी येते. या क्रमांकावर गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, इंधन भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते; रोज संध्याकाळी रंकाळ्यावर मिरवता येत नाही. शिवाय डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला चालू स्थितीतले सिग्नल कायद्यानेच सक्तीचे आहेत, तेव्हा सौदा ठरण्याआधी चारही दिवे लावून पाहावेत.