जर्मनीत मास्टर्सला चाललाय ना, मग रूमचं आत्ताच बघा

ॲडमिशन आली की पेढे वाटून होतात, मग व्हिसाची धावपळ, मग तिकीट, आणि रूमचं काय विचारलं की उत्तर ठरलेलं, तिकडे गेल्यावर बघू. गावात पाहुणे म्हणून जाताय का? म्युनिकसारख्या शहरात ऑक्टोबरात, म्हणजे विंटर सेमिस्टर सुरू होतं तेव्हा, पोरं टूरिस्ट लोकांच्या हॉस्टेलच्या डॉर्मिटरीत बॅगा उशाला घेऊन झोपतात आणि लेक्चरला जातात.

सगळ्यात आधी श्टुडीरेंडेनवेर्कचा फॉर्म भरा. आपल्याकडे हॉस्टेल कॉलेजचं असतं, तिकडे ही वेगळी संस्था असते, मेस पण तीच चालवते. म्हणजे युनिव्हर्सिटीने ॲडमिशन दिली म्हणून रूम मिळाली असं होत नाही, अर्ज वेगळा करावा लागतो, आणि काही शहरांत तर ॲडमिशन हातात यायच्या आधीच करता येतो. सगळ्यात स्वस्त हेच, म्हणून वेटिंग पण इथेच. मोठ्या शहरात एकदोन सेमिस्टर वाट बघायची तयारी ठेवा. केम्निट्स, माग्डेबुर्गसारख्या पूर्वेकडच्या शहरांत मात्र निवांत मिळून जाते.

तोवर वेगे, म्हणजे तीनचार जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट, ज्यात रूम आपली आणि किचन-बाथरूम सगळ्यांचं. यासाठी सगळे वेगे-गेझुख्ट हीच साइट बघतात. तिथे 'हाय, इज द रूम अव्हेलेबल' एवढंच टाकलंत तर कोणी उत्तर देत नाही कारण एका रूमला ढीगभर मेसेज आलेले असतात. चारसहा ओळी लिहा, मोडक्या जर्मनमध्ये का होईना, काय शिकणार, कधीपासून पाहिजे, स्वयंपाक करता का. आणि जाहिरात शेवटपर्यंत वाचा, काही जण मध्येच एखादा शब्द लपवून ठेवतात आणि तो मेसेजमध्ये लिहायला सांगतात, नाही लिहिला की कटाप. मग व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू होतो, साधारण स्थळ बघायला आल्यासारखाच.

आता फसवाफसवी. मी स्वतः अडकणार होतो. शहराच्या मध्यात, बाल्कनी, ३५० युरो, मालक म्हणे सध्या परदेशात आहे, तू डिपॉझिट पाठव मी किल्ली कुरियर करतो. फोटो बघून आई पण खूश. नशीब एका सिनियरला पत्ता पाठवला, तो सायकलवर जाऊन बघून आला तर तिथे डेंटिस्टचा दवाखाना. तेव्हा तिथल्या मराठी ग्रुपवर लाज न बाळगता विचारा, कोणीतरी जाऊन बघतंच. खाजगी मालकाला किल्ली घ्यायच्या आधी पैसे नाही आणि पासपोर्टची कॉपी पण नाही. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त ३ महिन्यांच्या काल्टमीटेइतकं, म्हणजे नुसत्या भाड्याइतकं, आणि ते ३ हप्त्यांत द्यायची मुभा आहे, पहिला हप्ता भाडं सुरू होताना. श्टुडीरेंडेनवेर्क मात्र आधी मागू शकतं, ते चालतं.

काल्टमीटे हे नुसतं भाडं, तर वार्ममीटे म्हणजे हीटिंग-पाणी धरून. जाहिरातीत कुठला आकडा लिहिलाय ते बघा, आणि वीज-इंटरनेट त्यात आहे का ते पण विचारा. शिवाय टीव्ही असो नसो, रेडिओ-टीव्हीची फी महिन्याला १८.३६ युरो, पण ती फ्लॅटमागे एकच असते त्यामुळे वेगेत वाटून घ्यायची.

मालकाला पहिला प्रश्न हा विचारा की इथे आनमेल्डुंग होईल का. म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद, राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत करायची असते आणि त्यासाठी मालकाच्या सहीचा कागद लागतो. ही नोंद नसेल तर टॅक्स नंबर नाही, रेसिडेन्स परमिट अडतं, बँकेत अकाउंट उघडताना पण बऱ्याचदा हाच कागद मागतात. बरेच जण स्वस्तात रूम देतात आणि नोंदणीला नाही म्हणतात, तिथे महिनाभर टेकायला ठीक, वर्षभर नाही.

अजून एक, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो भरलेत म्हणून निर्धास्त राहू नका, त्यातले महिन्याला ९९२च मिळतात आणि ते पण तिकडे अकाउंट उघडल्यावर. पहिलं भाडं, डिपॉझिट, सुरुवातीचे हॉस्टेलचे दिवस, याला दीडदोन हजार युरो वेगळे ठेवा, घरी आधीच सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी बाबांना बँकेत पळवायला नको.

किल्ली मिळाली की भिंती, नळ, फरशी सगळ्याचे फोटो काढा, आणि ताबा घेतानाच्या कागदावर आधीचा प्रत्येक ओरखडा लिहून घ्या, नाहीतर सोडताना डिपॉझिटमधून कापतात. आणि पहिल्यांदा मिरचीची फोडणी द्याल तेव्हा किचनची खिडकी उघडा, दार उघडू नका. धूर पॅसेजमध्ये गेला की अलार्म वाजतो, अख्खी बिल्डिंग पायजम्यावर खाली येऊन उभी राहते.