विज्ञानकथा वाचून काय वाटलं, हे नेमकं कसं लिहायचं

‘कथा खूप आवडली. लेखकाने भविष्याचे सुंदर चित्र रंगवले आहे. यातून आपल्याला विज्ञानाचे महत्त्व कळते.’ प्रकल्पवह्यांमध्ये ही तीन वाक्यं इतक्या वेळा येतात, की कथेचं नाव बदललं तरी खालचा मजकूर तसाच चालतो. यात विद्यार्थ्याचा आळस कमी आणि वेळेची गडबड जास्त असते. कथा सोमवारी वाचलेली, लिहायला बसायचं रविवारी. सहा दिवसांनी डोक्यात फक्त कथानक उरतं आणि ‘आवडली’ हा शेरा. चौदाव्या पानावर आपण थबकलो होतो, एकतिसाव्यावर चिडून पुस्तक मिटलं होतं, हे निसटून गेलेलं असतं. ते पानावरच पकडायचं कसं, याची ही रीत आहे. विज्ञानकथा आणि फँटसी (जादूच्या जगातली कथा) दोन्हींना ती चालते, मात्र फँटसीसाठी एक वेगळी पायरी आहे.

वही आणि चिठ्ठ्या

१०० पानी एकरेघी वही पुरते. डावं पान कच्च्या नोंदीचं. उजवं मोकळं सोडायचं, ते नंतर लागतं. शेवटची चार पानं नावांच्या यादीसाठी आणि मोजणीसाठी राखून ठेवा.

ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलसुद्धा चालवू नका. पाठकोऱ्या कागदाच्या दोन सेंटिमीटर रुंद, दहा सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा. चिकट चिठ्ठ्या नव्या पुस्तकाला ठीक. पिवळ्या पडलेल्या जुन्या कागदावरून त्या ओढल्या की पापुद्रा निघतो आणि सोबत दोन अक्षरंही जातात.

वाचताना लिहायचं नाही. जिथे काही झालं तिथे पट्टी सारायची आणि तिच्या वरच्या टोकावर एकच अक्षर टाकायचं: ‘थ’ म्हणजे थक्क झालो, ‘अ’ म्हणजे अडलो, कळलं नाही, ‘प’ म्हणजे पटलं नाही, ‘क’ म्हणजे कंटाळा आला. वीस पानांच्या कथेत पाच-सहा पट्ट्या झाल्या की बास. पंचवीस झाल्या तर तुम्ही अभ्यास करताय, वाचत नाही आहात. ‘क’ची पट्टी लावायला लाजू नका, तिचा उपयोग शेवटी कळेल.

आधी लेखकाचं नाव झाका

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. कथेवर नाव होतं नारायण विनायक जगताप. ते होते जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी फिरवली की ना. वि. ज. तयार होतं. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव वर असतं, तर परीक्षकांना कथा निव्वळ कथा म्हणून वाचणं अवघड गेलं असतं.

विद्यार्थ्याला तर फारच अवघड जातं. नाव मोठं असलं की ‘कंटाळा आला’ असं लिहायला हात धजत नाही. म्हणून मलपृष्ठ, प्रस्तावना, इंटरनेटवरची परीक्षणं, सगळं कच्ची नोंद होईपर्यंत बंद. दिवाळी अंकातली कथा असेल तर वरचं नाव आणि संपादकीय टीप कागदाने झाकता येते. कुणाची कथा हे आधीच माहीत असेल, तर नोंदीच्या पहिल्या ओळीत तसं लिहून मोकळे व्हा.

कच्ची नोंद: घड्याळ लावून पंधरा मिनिटं

कथा संपली त्याच दिवशी, झोपायच्या आधी. प्रत्येक पट्टीसाठी तीन गोष्टी: पान क्रमांक, तिथले पाच-सहा शब्द जसेच्या तसे, आणि त्या क्षणी काय झालं. ‘सुंदर’, ‘प्रभावी’, ‘वास्तववादी’, ‘रंगवले’ या शब्दांना बंदी. हसू आलं, पान उलटून मागे गेलो, पुढचं वाचायची घाई झाली, कुणाची तरी आठवण आली, असं लिहा. शुद्धलेखन, वाक्यरचना नंतर बघू.

मग उजव्या पानावर वर एक वाक्य, ‘समजा’ने सुरू होणारं. कथेने आपल्याकडून काय मान्य करून घेतलं, ते. समजा, माणूस अदृश्य होऊ शकला. समजा, स्मृती विकत घेता आली. चांगल्या विज्ञानकथेत असं मोठं गृहीतक बहुधा एकच असतं आणि बाकी जग आपल्या ओळखीच्या नियमांनी चालतं. दुसरं ‘समजा’ शेवटच्या चार पानांत अचानक घुसलं, तर ते लेखकाने स्वतःची सुटका करून घेण्यासाठी आणलेलं असण्याची शक्यता दाट. ‘शेवट पटला नाही’ असं मोघम लिहिणाऱ्या वाचकाला बरेचदा हेच खुपलेलं असतं.

‘प’ची पट्टी तपासायची कशी

पटलं नाही, यात दोन प्रकार येतात. एकात लेखकाने गृहीत धरलेलीच गोष्ट आपल्याला खटकते. ती तक्रार टिकत नाही. काळप्रवासाच्या कथेला ‘काळप्रवास शक्य नाही’ म्हणणं म्हणजे बुद्धिबळात घोडा अडीच घरं का जातो म्हणून भांडणं. दुसऱ्या प्रकारात गृहीतकाबाहेरची, रोजच्या विज्ञानातली चूक असते. ती दहावीच्या गणिताने पकडता येते.

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नने १८६५ सालच्या कादंबरीत माणसांना तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे धाडलं. तोफेची लांबी ९०० फूट, म्हणजे सुमारे २७४ मीटर. गोळ्याचा वेग सेकंदाला साधारण ११ किलोमीटर. गतीचं समीकरण घ्या: वेगाचा वर्ग म्हणजे दोन गुणिले त्वरण गुणिले अंतर. ११,००० चा वर्ग १२ कोटी १० लाख. त्याला ५४८ ने भागलं की त्वरण येतं दर सेकंदाला दर सेकंदाला सुमारे २ लाख २० हजार मीटर. गुरुत्वीय त्वरणाच्या जवळपास २२ हजार पट. यानातून वर जाताना अंतराळवीरांना साधारण तीन-चार पट सोसावं लागतं. व्हर्नलाही धक्क्याची धास्ती होती, म्हणून त्याने गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर ठेवला. २२ हजार पटीपुढे पाणी काय करणार!

आता खरी गंमत. हे गणित सोडवल्यावर ‘कथा चुकीची, म्हणून वाईट’ असं लिहिलं तर नोंद वाया गेली. विचारायचं ते असं: वाचताना मला हे खटकलं होतं का? नसेल, तर कशामुळे नाही? व्हर्न तोफेचं ओतकाम, खर्च, जागेची निवड इतक्या तपशिलात सांगतो, की वाचकाचं सगळं लक्ष हिशेबात गुंततं आणि आतल्या माणसांची हाडं विसरली जातात. ही प्रतिक्रिया लिहिण्याजोगी आहे, कारण कथा आपल्यावर काम कसं करते ते तिच्यातून दिसतं.

मंगळावरच्या माणसाशी पृथ्वीवरून फोनसारखं सलग बोलणं चालू असेल, तर तेही तपासा. प्रकाशाला मंगळापर्यंत जायला, दोन्ही ग्रह कुठे आहेत त्यानुसार, सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात. ‘कसा आहेस?’ला उत्तर यायला त्याच्या दुप्पट. अंतराळातल्या स्फोटाचा दणका बाहेर ऐकू आला, तर तीही चूक. निर्वातात आवाजाला माध्यम नसतं.

फँटसीसाठी वेगळा तक्ता

इथे भौतिकशास्त्राची फूटपट्टी उपयोगाची नाही. ‘असं कुठे असतं का’ किंवा ‘ही अंधश्रद्धा झाली’ असं लिहिणारे इथेच घसरतात. फँटसीत बघायचं ते एवढंच, की लेखकाने स्वतः घातलेला नियम स्वतः पाळला का.

आपल्याला ही कसोटी लहानपणापासून ठाऊक आहे. हिरण्यकश्यपूचा वर आठवा: माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, घराबाहेर नाही, शस्त्राने नाही. नरसिंह येतो तो तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर, नखांनिशी. एकही अट मोडलेली नाही, म्हणूनच शेवट ऐकताना मुलं सुखावतात. देवाने नुसता वर रद्द केला असता तर गोष्ट फुसकी झाली असती. भस्मासुराचंही तसंच: ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील तो भस्म. मोहिनी नाचता नाचता त्याचा हात त्याच्याच डोक्यावर नेते.

उजव्या पानावर तीन रकाने आखा: जादूने काय करता येतं, काय येत नाही, आणि ती वापरणाऱ्याला काय मोजावं लागतं. प्रत्येक बैठकीनंतर, जसजसं कळेल तसे ते भरा. तिसरा रकाना अर्ध्या पुस्तकानंतरही रिकामा असेल, तर ‘क’च्या पट्ट्या का वाढल्या याचा उलगडा बहुतेक तिथेच होतो. काही मोजावंच लागत नसेल तर नायकाची काळजी कशाला करायची?

जाडजूड फँटसीत पहिल्या तीस पानांत नावांचा पाऊस पडतो. राज्यं, घराणी, तलवारींचीही नावं. वहीच्या शेवटच्या पानावर निदान दोनदा आलेलीच नावं टिपा. एकदाच आलेल्या नावासाठी शाई घालवू नका. आणि पुस्तक अनुवादित असेल, तर ‘भाषा बोजड’ असं लिहिण्याआधी थांबा. मूळ पुस्तक मिळालं तर एक परिच्छेद शेजारी ठेवून वाचा, मग दोष कुणाच्या पदरात घालायचा ते ठरवा.

कच्च्याचं पक्कं

उदाहरणासाठी एक कथा इथेच रचू. समजा, पाऊस रेशनवर मिळू लागला. कृष्णाकाठच्या एका गावात दर घराला कार्डावर ठरावीक मिलिमीटर पाऊस आहे. एक आजी आपला वाटा नातीच्या लग्नापर्यंत साठवून ठेवते.

कच्ची नोंद: ‘पान ९. “कार्ड उशाखाली सरकवलं.” थ. वाईट वाटलं.’

‘वाईट वाटलं’ला दोनदा ‘का?’ विचारा. पहिलं उत्तर: आजी गरीब आहे म्हणून. हे कुठल्याही गरीब आजीबद्दल म्हणता येईल, सोडून द्या. दुसरं उत्तर: आमच्या घरी रेशनकार्ड लोखंडी कपाटात, लग्नातल्या शालूखाली असतं. हे नेमकं आहे.

पक्कं वाक्य: ‘नवव्या पानापर्यंत पाऊस वाटणारं यंत्र कसं चालतं याकडेच माझं लक्ष होतं. आजीने कार्ड उशाखाली सरकवलं आणि मला आमच्या कपाटातलं, शालूखालचं कार्ड आठवलं. तिथून पुढे यंत्र माझ्या डोक्यातून गेलं आणि मी आजीच्या बाजूने वाचू लागले.’

याच कथेत ‘प’चीही पट्टी निघेल: शेजाऱ्याच्या बांधावर ढग थांबतो कसा? कथेत त्याचा उल्लेख नसेल, तर तसं लिहा. पण आजीचा परिच्छेद आधी आणि मोठा. जे जास्त हललं त्याला जास्त जागा.

पाचशे शब्दांचा लेख द्यायचा असेल, तर कथानक ऐंशी शब्दांत उरका. वाचणाऱ्या सरांनी किंवा मॅडमनी कथा वाचलेली नाही असं धरून, पण शेवट न फोडता. नेमक्या दोन किंवा तीन पट्ट्या निवडा. सहाही कोंबल्या तर यादी होते. बोध काढायची सवय इथे आवरा. अणुयुद्धाच्या कथेखाली ‘विज्ञान शाप की वरदान’ हा निबंध लिहायचा मोह भल्याभल्यांना होतो. लेखकाचं भाकीत खरं ठरलं का, हेही मोजत बसू नका. खोटी ठरलेली कितीतरी भविष्यं आजही झपाटल्यासारखी वाचली जातात.

लिहून झालं की मलपृष्ठ आणि परीक्षणं उघडा. तिथलं मत वेगळं निघालं, तर आपलं खोडायचं नाही. खाली दुसऱ्या रंगाच्या शाईने दोन ओळी. मत खरोखरच बदललं तर ते कोणत्या मुद्द्यामुळे, हेही त्याच शाईत लिहा.

दहा कथा झाल्या की शेवटच्या पानावर पट्ट्यांची मोजणी करा. ‘अ’ जास्त आणि त्याही यंत्राच्या वर्णनापाशी असतील, तर पुढचं पुस्तक घेताना लघुकथासंग्रह घ्या, कादंबरी थोडी लांबवा. ‘क’ बहुतेक पहिल्या पाच पानांतच येत असतील, तर दोष तुमच्या घाईचाही असू शकतो. पुढच्या तीन कथा एका बैठकीत वाचून पाहा. ‘थ’ सारख्या माणसांपाशी येतात की कल्पनांपाशी, ते बघा आणि ग्रंथपालांकडे पुस्तक मागताना तेवढंच सांगा. पुस्तक परत करायच्या आधी ते उलटं धरून झटका, एखादी पट्टी आत राहतेच.