पुण्यातल्या कोथरूड-वारज्यात परवडणारं भाड्याचं घर

जाहिरातीतल्या भाड्यावरून घर स्वस्त की महाग ते कळत नाही. समजा वन बीएचके १४,००० रुपयांना आहे, मेंटेनन्सचे १,५०० वेगळे आणि ब्रोकरला एक महिन्याचं भाडं. दलाली ११ महिन्यांत वाटली की महिन्याला आणखी सुमारे १,२७५ होतात. घर पडलं पावणेसतरा हजारांना. पलीकडच्या गल्लीत थेट मालकाकडून, मेंटेनन्ससकट १६,००० ला मिळणारं घर त्याहून स्वस्त. प्रत्येक घराची तुलना याच हिशोबाने करा.

भाड्याच्या घरांच्या वेबसाइटवर भागाचा दर बघून घ्या, पण शोध पायी करा. कर्वेनगर, वारजे, जुनं कोथरूड इथल्या लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतींतली बरीच घरं ऑनलाइन येतच नाहीत. ती वॉचमन, किराणावाला आणि इस्त्रीवाल्याला माहीत असतात. जून-जुलै शक्यतो टाळा. कॉलेज प्रवेशांमुळे तेव्हा मालक घासाघीस करत नाहीत. ऑफिस येरवडा-रामवाडीकडे असेल तर वनाज मेट्रो स्थानकापासून चालत जाता येईल असं घर बघा. थोडं जास्त भाडं पेट्रोलमध्ये सुटू शकतं.

घर बघायला सकाळी नळ येण्याच्या वेळी जा. पाणी किती वेळ येतं, एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कोण भरतं, हे मालकाला नव्हे, शेजाऱ्यांना विचारा. एकाच भिंतीवर किंवा छताच्या कोपऱ्यात ताजा रंग दिसला तर तिथे ओल असणार, असं धरून चाला. लाइटबिलावरचा ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या ॲपवर थकबाकी बघा.

घर न बघता टोकन देऊ नका. ‘मी लष्करात आहे, बदली झाली, क्यूआर कोड पाठवतो’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. बॅचलर असाल तर टोकनआधी सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोला, नाहीतर टोकन परत मिळवण्यात महिना जातो. इंडेक्स-२ (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा) वरचं मालकाचं नाव आणि डिपॉझिट जमा होणाऱ्या खात्याचं नाव एकच हवं. सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लागणारं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच लावता येतं, आणि ते मालकाने भरायचं असतं.

‘११ महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?’ हे महाराष्ट्रात चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यास भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक परतीच्या डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के व्याज यांच्या ०.२५ टक्के. १५,००० भाडं आणि ५०,००० डिपॉझिट असेल तर ११ महिन्यांना चारशे-पाचशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,०००. एजंटने चार हजार सांगितले, तर सरकारी किती आणि त्याचे किती, ते वेगळं लिहून मागा.

सहीआधी तीन अटी वाचा: लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही) किती महिन्यांचं, नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का, आणि घर सोडताना रंगकामाचे किती कापणार. ‘मालक ठरवेल तेवढे’ असं लिहिलं असेल तर तिथे आकडा घालून घ्या. किल्ली हातात येताच भिंती, नळ, गीझर, मीटरचं रीडिंग यांचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा.