सोसायटीच्या कमिटीत आलात? या चुका टाळा, सुरुवात टँकरच्या वहीपासून

लातूरात २४ फ्लॅटच्या सोसायटीत मी पाच वर्षं सेक्रेटरी होतो. आमच्याकडं भांडणं पार्किंगवरून कमी आणि पाण्यावरून जास्त होतात. ज्या गावानं २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालंय तिथं दुसरं काय होणार! एप्रिल लागला, बोअर आटला की टँकर सुरू. सकाळी सहाला ड्रायव्हरचा फोन, चेअरमन काका खिशातून रोख देणार, पावती नाही, वहीत नोंद नाही, आणि जूनमधी हिशोब मागितला की तेच काका सगळ्यांच्या नजरेत चोर. काकांनी एक रुपया खाल्ला नव्हता हे मला पक्कं माहीत आहे, पण कागदच नव्हता तर दाखवणार काय, आजपण ते मीटिंगला येत नाहीत. लै वाईट वाटतं, म्हणून हे लिहायलोय.

तर पहिली चूक हीच, रोखीचा टँकर. उन्हाळ्याच्या आधीच, फेब्रुवारीत, तीन जणांकडून लेखी दर घ्या आणि कमिटीच्या ठरावात लिहा. गेटवर एक वही ठेवा, त्यात तारीख, वेळ, गाडी नंबर, किती लिटर, वॉचमनची सही आणि खाली उतरलेल्या एखाद्या सभासदाची सही. पैसे सोसायटीच्या खात्यातूनच गेले पाहिजेत, रोज नाही जमलं तर आठवड्याला एकदा, पण खात्यातूनच. आणि टँकरवाला किंवा रंगकामाचा गुत्तेदार कमिटीतल्या कोणाचा मेहुणा-भाऊ असंल तर ते आधीच सांगा, आणि त्या माणसानं त्या ठरावावेळी बाहेर बसावं. सोसायटीच्या कामात स्वतःचा हितसंबंध निघाला तर कमिटी सदस्य अपात्र ठरू शकतो, "अहो दर तर कमी होता की" हे तिथं चालत नाही.

पाण्याचे पैसे कसे वाटायचे यावर तर दरवर्षी तेच, "आमच्याकडं दोघंच राहतात, आम्ही का द्यायचं". आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीत, सेवा शुल्क (वॉचमन, सफाई असला रोजचा खर्च) सगळ्या फ्लॅटला सारखं आहे, पण पाण्याचा आकार फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि साइज बघून आहे. डोकी मोजून नाही. लोकांना उपविधीचं पान उघडून दाखवा, निम्मा वाद तिथंच मिटतो, आमच्याकडं मिटला.

दुसरी मोठी चूक, थकबाकीदाराचं पाणी तोडणं. राग येतो हे मला कळतं, २३ जण भरायलेत आणि एकजण वर्षभर हात झटकतो. पण पाणी ही जीवनावश्यक गोष्ट आहे, व्हॉल्व्ह बंद केला की चूक त्याची असून गुन्हेगार तुम्ही ठरता, घरात म्हातारी माणसं, लेकरं असतात हो. रस्ता वेगळा आहे. आधी लेखी नोटीस द्या, पोच ठेवा, मग कमिटीचा ठराव, मग बिलाच्या कॉप्या आणि खातेउतारा जोडून सहकारी संस्था निबंधकाकडं वसुली दाखल्यासाठी अर्ज, सहकार कायद्याचं कलम १५४ ब-२९. दाखला मिळाला की जमीन महसुलासारखी वसुली होते. व्याज सरळव्याजानं वर्षाला २१ टक्क्यांच्या वर लावू नका, चक्रवाढ तर अजिबात नको, तेवढ्यावरच समोरचा वकील तुमचं बिल पाडतो.

आता भाडेकरूंचं. लातूर पॅटर्नमुळं, म्हणजे इथल्या क्लासेसच्या नावामुळं, निम्मे फ्लॅट नीट परीक्षेच्या तयारीला आलेल्या पोरा-पोरींना दिलेले, आणि कमिट्या काय करतात तर "विद्यार्थी चार्ज" म्हणून महिन्याला हजार-दीड हजार लावतात. असा चार्ज कायद्यात नाहीच. मालकानं स्वतः न राहता फ्लॅट भाड्यानं दिला असंल तर बिनभोगवटा शुल्क घेता येतं, तेही सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के, म्हणजे सेवा शुल्क ८०० असंल तर फक्त ८० रुपये. फ्लॅट विकताना सोसायटी घेते ते हस्तांतरण अधिमूल्यही (ट्रान्सफर प्रीमियम) २५,००० च्या वर नाही, "मंदिराला देणगी" म्हणून वर उकळायचं नाही.

वारसाचा विषय थोडक्यात, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद वारला की नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व द्या, कायमची नोंद वारसांची कागदपत्रं आल्यावरच. भावाभावात सोसायटीनं न्यायाधीश व्हायचं नाही.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत झालीच पाहिजे, नोटीस पूर्ण १४ दिवस आधी. व्हॉट्सॲपवर "रविवारी पार्किंगमधी या" असं टाकून सभा होत नाही, सह्या घेऊन नोटीस द्या आणि बोर्डावर लावा. गणपूर्ती (कोरम) एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २० यातली जी संख्या कमी असंल ती, म्हणजे आमच्या २४ जणांत १६. सोयाबीनच्या काढणीला गावाकडं गेलेली माणसं धरून तारीख ठरवा, नाहीतर रिकाम्या खुर्च्या. आणि मोठा खर्च "अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणाऱ्या विषयात" ढकलू नका, लिफ्ट बदलायचीय तर तो विषय रकमेसकट नोटिशीतच पाहिजे. आमच्याकडं गच्चीचं वॉटरप्रूफिंग असंच ऐनवेळी मंजूर झालं, सभेला न आलेल्यांनी पैसे द्यायला नकार दिला आणि काम पावसाळाभर अर्धवट पडलं, वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी चार महिने बेडरूममधी बादल्या ठेवल्या.

आणि ३० सप्टेंबर आमच्या भागात नुसती सभेची तारीख नाही. १९९३ ला त्याच दिवशी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तरी स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारत मजबूत आहे का याच्या तपासणीचा, विषय काढला की "नंतर बघू". उपविधीप्रमाणं १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा आणि ३० च्या वरच्या इमारतीला तीन वर्षांतून एकदा ऑडिट करायचंच असतं. पुढच्या नोटिशीत तो विषय हिशोबाच्याही आधी घ्या, इंजिनिअरची फी लिहून, कारण हिशोब सुरू झाला की टँकरवर भांडण होतं आणि माणसं उठून जातात.