चकचकीत गाडीच्या फोटोत आपणच दिसू नये म्हणून

स्टुटगार्टच्या पोर्शे म्युझियममधल्या माझ्या अर्ध्या फोटोंत गाडीच्या दारावर मीच उभा आहे, पिवळ्याधमक टी-शर्टात! पुढच्या वेळी असं केलं:

१. काळा, बिनचित्राचा शर्ट घातला.
२. फ्लॅश बंद. गुडघ्यावर बसून मोबाइल हेडलाइटच्या उंचीला धरला. छतावरच्या दिव्यांची चमक बॉनेटवर बरीच कमी येते.
३. दारासमोर उभं न राहता पुढच्या कोपऱ्यातून तिरका फोटो घेतला, दोन पावलं मागे सरून थोडा झूम करून. १९४८ पासूनच्या ‘पोर्शे ३५६’ या गाडीची गोलसर पाठ अशीच नीट येते.

खाली बसताना पाठीवरची सॅक आधी पोटावर घ्या. मागच्या गाडीला घासली तर पंचाईत. सोमवारी म्युझियम बंद असतं, एवढं बघून जा.