ज्ञानदा: नाव ठेवताना आणि नोंदवताना
‘ज्ञान’ अधिक ‘दा’, म्हणजे ज्ञान देणारी. अर्थ सरळ आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे गोची होते ती स्पेलिंगची. मराठी घरात उच्चार ‘द्न्यानदा’, तर कानडीतला ‘ज्ञ’ इंग्रजीत बहुधा ‘जे-एन’ने लिहितात. त्यामुळे डी-एन-वाय-ए ऐवजी जे-एन-ए पडतं आणि पुढे जन्मदाखला, आधार, शाळा यांचा मेळ बसत नाही.

बारशाआधीच घरात एक स्पेलिंग पक्कं करा. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची. नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा ठेवा. नोंदणीपासून 12 महिन्यांत ते विनाशुल्क घालता येतं, नंतर विलंब शुल्क लागतं.

अर्जात इंग्रजी अक्षरं मोठी, सुटी लिहा आणि छापण्याआधी पडद्यावर तपासा. शेवटचा ‘ए’ गळला की ‘ज्ञानद’ होतं, म्हणजे थेट पुल्लिंगी नाव!