बीट मार्शलची पहिली साखळीचोरी

पोलीस भरतीत 1600 मीटर धावण्याला 20 पैकी 20 पडले होते, त्यामुळे चोर पळून पकडायचा असतो असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. नऊ महिने ट्रेनिंग करून पुण्यातल्या एका उपनगरी ठाण्यात हजर झालो आणि एका जुन्या हवालदारांबरोबर बीट मार्शलवर, म्हणजे मोटारसायकलवरून हद्दीत गस्त घालायच्या ड्युटीवर, नेमणूक लागली.

सकाळी सातला 112 चा कॉल आला. मोटारसायकलवर दोघं, मंगळसूत्र हिसकावलं. आम्ही शेजारच्याच चौकात होतो. मावशी फुटपाथवर बसून मान धरून रडत होत्या. हवालदार गाडीवरून उतरले, मावशींनी हातानं दिशा दाखवली, आणि मी एकटाच सुसाट निघालो. एक सिग्नल तोडला, शाळेच्या रिक्षाला घासता घासता वाचलो. पुढे तीन फाटे. वॉकीटॉकीवर कंट्रोल विचारतंय, वर्णन सांगा. मला गाडीचा रंगसुद्धा माहीत नव्हता. “दोन इसम, मोटारसायकल,” एवढंच बोललो. त्या वर्णनात अर्धं पुणं बसतं.

परत आलो तर हवालदारांनी मावशींना पाणी पाजून, पानटपरीवाल्याला बोलतं करून कंट्रोलला सगळं कळवलं होतं: काळी गाडी, मागचा दिवा फुटका, मागे बसलेल्याच्या पायात पांढरे बूट, हायवेच्या दिशेनं. नाकाबंदी लागलीसुद्धा.

“जर्किन पुढच्या गल्लीत उतरतं, पोरा. बूट कोण बदलतंय?”

त्या दिवशी ते दोघं सापडले नाहीत. पण काळी गाडी आणि फुटका दिवा एवढ्यावर डीबीवाल्यांना, म्हणजे ठाण्यातल्या तपास पथकाला, सीसीटीव्ही बघायला बसता आलं. माझ्या पाठलागातून त्यांना काय मिळालं असतं?

नवीन पोरांनो, कायद्याची पुस्तकं बाजूला ठेवू नका. 1 जुलै 2024 पासून हिसकावण्याला भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र कलम आहे, 304, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. चोरी करताना इजा केली असेल तर 309, जबरी चोरी, दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपसुद्धा. मावशींच्या मानेवर लांब ओरखडा होता. हवालदारांनी आधी मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठी दवाखान्याला द्यायचं पत्र, करून त्यांना दवाखान्यात पाठवलं. नाहीतर दुपारपर्यंत तो ओरखडा फिका पडतो आणि कागदावर येतच नाही. हद्द कुणाची यावर घटनास्थळी वाद घालू नका, झिरोनं, म्हणजे हद्द नसली तरी कुठल्याही ठाण्यात, गुन्हा दाखल होतो. आणि पब्लिकनं चोर धरून दिला, तर त्याला मारातून सोडवणं हेही आपलंच काम. त्याचं मेडिकल आधी, चौकशी मग.

मावशी परत आल्यावर पंचनामा झाला. वाट्या आणि साखळी गेली होती, पण काळे मणी रस्ताभर सांडलेले. आता जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, म्हणून एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हातानं मी पंचांसमोर मणी वेचत होतो. ऊन तापलेलं, रिक्षावाले हॉर्न मारतायत, आणि हवालदार म्हणतायत, परत मोज. दोनदा मोजून 40 भरले. तेवढ्यात मावशींनी माझ्या पायाकडे बोट दाखवलं. एकेचाळिसावा माझ्याच बुटाच्या तळव्याच्या खाचेत अडकला होता.